समुद्रातले हातावरचे पोट



आमच्या वस्तीत दर रविवारी संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. शाळेचा अभ्यास आटोपला की शेवटचा अर्धा तास प्रश्नांचा. कोणीही काहीही विचारावे आणि उत्तर येत नसेल तर आम्ही सरळ "येत नाही" म्हणावे, असा तिथला नियम आहे. दोन रविवारांपूर्वी सातवीतली एक मुलगी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आली. कात्रणात काळ्याभोर पाण्यात काचेच्या कंदिलासारखा एक जीव होता आणि त्याच्या अंगावर सप्तरंगी पट्टे होते. ती म्हणाली, "काका, ह्याला हात नाहीत, दात नाहीत, हाडे नाहीत. मग हे जेवते कसे? आणि ह्याच्या बाळाला कोण भरवते?"

आम्ही नियमाप्रमाणे "येत नाही" म्हटले. पण तिचा दुसरा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. मग कचेरी सुटल्यावर तीन-चार संध्याकाळी ग्रंथालयात बसलो. ओळखीच्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना भंडावून सोडले. जे कळले ते इतके नवलाचे, आणि शेवटी माणसांच्या पोटापाण्याशी जाऊन भिडणारे निघाले, की ते एकट्या त्या मुलीला सांगून भागणार नाही असे वाटले. म्हणून या आठवड्याचे सदर त्या जिवाला दिले आहे.

फणीवाला जीव

या जिवाला इंग्रजीत कॉम्ब जेली म्हणतात. कॉम्ब म्हणजे फणी, तेव्हा आपण त्याला फणीजेली म्हणू. त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत आठ रांगा असतात. प्रत्येक रांगेत अतिशय बारीक केस एकमेकांना चिकटून फणीच्या दातांसारख्या पट्ट्या झालेल्या असतात. शेतात वाऱ्याने जोंधळा डुलावा तशा या पट्ट्या एकामागून एक हलतात आणि त्या वल्ह्यांवर हा जीव पोहतो. पट्ट्यांवर उजेड पडला की तो फुटून सात रंग दिसतात. सीडीच्या तबकडीवर दिसतात तसेच ते. काही जाती अंधारात स्वतःचा निळा-हिरवा प्रकाशही देतात, पण ती गोष्ट वेगळी.

पुष्कळ लोक त्याला जेलीफिश समजतात. तसे ते नाही. जेलीफिश डंख मारते, अंगावर चट्टे उठतात. फणीजेली डंख मारत नाही. दोघांचेही अंग मात्र पाण्याचेच म्हणायचे. शंभर भागांतले पंचाण्णवाहून जास्त भाग पाणी. जगात फणीजेलीच्या दीडशे-दोनशे जाती माहीत आहेत, आपल्या अरबी समुद्रातही ती आहे. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी गुणसूत्रांची मांडणी ताडून पाहिली, तेव्हा प्राण्यांच्या वंशवृक्षातून सर्वांत आधी फुटलेली फांदी हिचीच असावी असे दिसले. काही शास्त्रज्ञ तो मान स्पंजला देतात. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. आपल्याला या जुन्या घराण्यातल्या बाळाच्या घासाची गोष्ट बघायची आहे.

आज आपण एकच जात घेऊ. तिचे नाव नेमिऑप्सिस. तिचे मूळ घर उत्तर आणि दक्षिण अमेरिकेचा अटलांटिक किनारा. पूर्ण वाढलेली नेमिऑप्सिस हाताच्या तळव्यावर मावते. तिच्याविषयी शास्त्रज्ञांनी सर्वांत जास्त लिहून ठेवले आहे. त्याचे कारण लेखाच्या शेवटी येईल, आणि ते कारण काही आनंदाचे नाही.

अंडे आणि शिदोरी

या जिवात नर वेगळा आणि मादी वेगळी असा भेद नाही. दोन्ही एकाच अंगात असतात आणि स्वतःच्याच अंड्यांना स्वतः फलित करण्याचीही सोय असते. म्हणजे नव्या पाण्यात एकटी फणीजेली पोचली तरी तिचा वंश चालू शकतो. अंधार पडल्यावर काही तासांनी ती अंडी पाण्यात सोडते. खाऊन-पिऊन सुखी असलेली मोठी फणीजेली हजारो अंडी देते. एकेक अंडे इतके लहान की शाळेच्या पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये पाच-सहा अंडी ओळीने बसतील.

पाणी उबदार असले तर एका दिवसात अंड्यातून पिल्लू बाहेर येते. शास्त्राच्या पुस्तकात त्याला डिंभ म्हणतात, आपण पिल्लूच म्हणू. ते अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. रव्याचा कण त्याच्यापेक्षा मोठा भरेल. आई जवळ नाही. ती अंडी सोडून केव्हाच पुढे गेली. दूध नाही, घरटे नाही. अंड्यातून बरोबर आणलेली शिदोरी अगदी थोडी. ती संपायच्या आत पिल्लाने स्वतःची पहिली शिकार स्वतः करायची. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की फणीजेलीच्या बाळाला कोणीच भरवत नाही.

पहिला घास

मोठ्या नेमिऑप्सिसच्या अंगाला दोन मोठे पडदे असतात. पिल्लाला ते नसतात. पिल्लू म्हणजे एक गोल थेंब आणि त्यातून लोंबणाऱ्या दोन लांब दोऱ्या. प्रत्येक दोरीला पुन्हा बारीक फाटे. कोळी लोक एकाच लांब दोरीला ओळीने पुष्कळ गळ बांधून समुद्रात सोडतात, तशी ही रचना. फरक एवढाच की इथे गळाच्या जागी चीक आहे. दोऱ्यांवर खास पेशी असतात. भक्ष्याचा धक्का लागला की त्या फुटून चिकट द्रव्य बाहेर येते. फणस चिरताना बोटांना चीक लागला की आपली काय अवस्था होते ते आठवा. तशी अवस्था त्या भक्ष्याची होते. मग पिल्लू दोरी आखडते, तोंडाशी आणते आणि भक्ष्य गिळते. दाताचे काम पोटातले पाचकरस करतात.

पिल्लाला सापडते काय, हा खरा प्रश्न आहे. मोठ्या फणीजेलीचे आवडते अन्न म्हणजे कोपेपॉड. हे झिंग्याच्या दूरच्या नात्यातले, टाचणीच्या डोक्याएवढे किंवा त्याहून लहान जीव. समुद्रात त्यांची संख्या अफाट. माशांची पिल्लेही त्यांच्यावरच वाढतात. पण फणीजेलीच्या नवजात पिल्लाला पूर्ण वाढलेला कोपेपॉड झेपत नाही. अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठात मायकेल रीव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून या जिवाला प्रयोगशाळेत वाढवून पाहिले. त्यांच्या गटाने १९८१ मध्ये जे छापले त्यात पिल्लांचे अन्न आणि वाढ यांच्याबरोबर पिल्लांना होणाऱ्या इजेचाही विचार आहे. चिकटलेला मोठा कोपेपॉड जिवाच्या आकांताने लाथा झाडतो. त्या झटापटीत पिल्लाच्या दोऱ्या तुटतात, अंग फाटते. जे अन्न आईसाठी मेजवानी, तेच पिल्लासाठी मरण.

म्हणून पिल्लाचा पहिला घास लहान आणि मऊ असावा लागतो. शाळेच्या पुस्तकात पॅरामेशियम नावाच्या एकपेशीय जिवाचे चित्र असते. त्याच्या जातकुळीतले, अंगभर केस असलेले एकपेशीय जीव समुद्रात भरपूर असतात. ते पिल्लाचे अन्न. शेपटीसारख्या धाग्याने पोहणारे दुसरे एकपेशीय जीव असतात, तेही चालतात. शिवाय कोपेपॉडची अगदी नवजात पिल्ले, ज्यांच्या लाथेत अजून जोर नसतो. साध्या डोळ्यांना यातले बहुतेक काही दिसत नाही. पाण्याचा ग्लास उजेडात धरला तर तो स्वच्छ आहे असेच आपण म्हणू. पण समुद्राच्या त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पिल्लाचे ताट वाढलेले असते, किंवा नसते. वाढलेले नसेल तर पिल्लाला दुसरीकडे जाता येत नाही.

ही माहिती मिळवणेही सोपे नव्हते. फणीजेलीचे अंग इतके नाजूक की जाळ्यात आले तर चिंध्या होतात, आणि बाटलीत औषधी पाण्यात ठेवले तर नेमिऑप्सिससारख्या जाती विरघळून जातात. टाकीत ठेवले तर काचेला घासून मरतात. जर्मनीच्या वुल्फ ग्रेव्ह यांनी १९६८ मध्ये एक साधी युक्ती छापली. टाकीतले पाणी हळूहळू गोल फिरत ठेवायचे, म्हणजे जीव मधल्यामध्ये तरंगत राहतो आणि काचेला लागत नाही. अशा टाक्यांमुळे या नाजूक जिवांना दिवसेंदिवस सांभाळणे, घास मोजणे आणि वाढ मोजणे शक्य झाले. विज्ञानात मोठे यंत्र लागतेच असे नाही. चिकाटी लागते, आणि दररोज नोंद ठेवावी लागते.

गळ सोडून डोल

अन्न नीट मिळाले तर पिल्लू झपाट्याने वाढते. साधारण पाच मिलिमीटर झाले की त्याचा संसार बदलू लागतो. लांब दोऱ्या आखडत जातात आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी पडदे वाढू लागतात. एक सेंटिमीटरच्या आसपास पोचेपर्यंत ते मोठ्यांसारखे दिसू लागते. मधल्या काळात थोडे दोऱ्यांवर आणि थोडे पडद्यांवर, असे दोन्हीकडे चालते.

जेवणाची तऱ्हाही बदलते. कोकण किनाऱ्यावर डोल नावाचे जाळे असते. ते खुंटांना बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचे पाणी त्यातून वाहते, मासे मागे जाळ्यात राहतात. मोठी नेमिऑप्सिस पडदे पसरून तशीच डोल मांडते. फक्त भरतीची वाट न पाहता पाण्याचा प्रवाह ती स्वतः चालवते. तोंडाजवळच्या चार कानांसारख्या अवयवांवरचे केस हलतात आणि पाणी पडद्यांच्या मधून वाहू लागते. तो प्रवाह इतका शांत असतो की अतिशय सावध असणाऱ्या कोपेपॉडलाही आपण ओढले जात आहोत याचा पत्ता लागत नाही. हे २०१० मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी पाण्याचा प्रवाह मोजून दाखवले. अन्न जितके दाट, तितके ती जास्त खात जाते.

जमा आणि खर्च

आम्ही पडलो कारकून. आम्हाला जमाखर्चाच्या वहीत लिहिले म्हणजे कळते. तेव्हा फणीजेलीच्या पिल्लाची वही मांडून पाहू.

जमेच्या बाजूला एकच रक्कम, आज सापडलेले अन्न. खर्चाच्या बाजूला फण्या हलवण्याचा खर्च, श्वसनाचा खर्च, नवीन दोऱ्या आणि चीक बनवण्याचा खर्च आणि न पचता बाहेर गेलेले अन्न. हे सगळे वजा जाता जे उरेल त्यातून वाढ व्हायची. पाणी उबदार असले की वाढीचा वेग वाढतो, पण श्वसनाचा खर्चही वाढतो. गाव सोडून मुंबईला आलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पगार जास्त, पण घरभाडे आणि बाजारही महाग. काम मिळत असेल तर शहर बरे, काम सुटले तर गावापेक्षा शहरात लवकर उपासमार. पिल्लाचेही तसेच. उबदार पाणी आणि भरपूर अन्न असेल तर त्याच्यासारखा भाग्यवान नाही. उबदार पाणी आणि अन्न नाही, ही सर्वांत वाईट परिस्थिती.

आता शिल्लक बघू. मासा अंगात चरबी साठवतो. फणीजेलीच्या अंगात साठा नावालाच. तिच्याकडे पासबुक नाही. आज मिळाले ते आज खर्च, नाहीतर आजच वाढ. आपल्याकडे याला हातावरचे पोट म्हणतात.

मग उपास पडला की मोठी फणीजेली काय करते? ती लहान होत जाते. अंड्यांचे काम बंद करते आणि स्वतःच्या अंगातलेच खर्च करीत राहते. रोजंदारी बंद पडल्यावर घरातली एकेक वस्तू मोडीत निघावी तसे. पण मरत नाही. अन्न परतले की पुन्हा वाढते आणि पुन्हा अंडी घालते. नवजात पिल्लाला ही सोय फार दिवस पुरत नाही. मुळात मोडीत काढायला त्याच्याजवळ अंगच नसते. म्हणून पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे.

नॉर्वेतील बर्गन विद्यापीठात तर याहून आश्चर्याची गोष्ट दिसली. २०२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका टाकीत मोठी नेमिऑप्सिस ठेवली होती. ती दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी पिल्लू दिसू लागले. शास्त्रज्ञांनी मग मुद्दाम तपासून पाहिले. मोठ्या जिवांना उपाशी ठेवले आणि पडद्यांना इजा केली. त्यातले काही जीव आखडत गेले, पडदे गेले, आणि त्यांना पुन्हा लहानपणच्या दोऱ्या फुटल्या. त्या दोऱ्यांनी ते पिल्लासारखी शिकारही करू लागले. मोठ्या संसाराचा खर्च झेपेना म्हणून तो जीव पुन्हा लहान संसारात परतला.

दुसरी एक सोय क्रूर वाटेल. जर्मनीच्या कील बंदराजवळच्या खाडीत मोठ्या नेमिऑप्सिस उन्हाळ्याच्या शेवटी, अन्न संपत आलेले असताना, पिल्लांचा मोठा लोंढा सोडतात. एवढी पिल्ले मरणारच, मग ही उधळपट्टी कशाला, असा प्रश्न होता. २०२० मध्ये उत्तर मिळाले. कोपेपॉड संपल्यावर मोठ्या फणीजेली आपल्याच जातीची पिल्ले खाऊन हिवाळ्याच्या तोंडावर तग धरतात. आपण माणसे आहोत, आपल्या नीतीने त्यांना तोलू नये. पण जमाखर्चाच्या भाषेत एवढे म्हणता येते की सुगीत कमावलेले धान्य त्यांनी पिल्लांच्या रूपाने पाण्यात ठेवलेले असते.

तिसरी सोय वयाची. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल कुन यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले की काही फणीजेली पिल्लू असतानाच एकदा अंडी घालतात आणि मोठ्या झाल्यावर पुन्हा घालतात. पुष्कळ वर्षे याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. २०१२ मध्ये बाल्टिक समुद्राच्या मध्यभागातून खबर आली की तिथल्या मर्टेन्शिया नावाच्या फणीजेलीची सगळी वस्तीच पिल्लांनी घातलेल्या अंड्यांवर चालली आहे. जन्माला येऊन दोन मिलिमीटरही न झालेली पिल्ले पुढची पिढी घडवत होती.

चक्रवाढ

अन्न मुबलक असले तर लहान नेमिऑप्सिसचे वजन दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. बी.कॉम. करताना आम्ही चक्रवाढ व्याजाची गणिते घासली आहेत, पण सावकारानेही असा दर ऐकला नसेल. रोज दुप्पट धरले तर दहा दिवसांत एकाचे १०२४ होतात. उबदार पाण्यात आणि भरपूर अन्नात जन्मलेले पिल्लू सुमारे दोन आठवड्यांत स्वतः अंडी घालण्याइतके होते.

आता दुसरे गणित. समजा एका फणीजेलीने आयुष्यात ३००० अंडी घातली. समुद्रातली संख्या आहे तेवढीच राहायची असेल तर त्यातली २९९९ मेली पाहिजेत आणि एकच वाढले पाहिजे. बहुतेक वेळा तसेच होते. कोणाला अन्न मिळत नाही, कोणाची दोरी तुटते, कोणाला दुसरेच कोणी खाते. पण एखाद्या वर्षी पहिल्या आठवड्यात थोडे अन्न जास्त मिळाले आणि ३००० पैकी एकाऐवजी दोन जगली तर? दर पिढीला संख्या दुप्पट. सहा पिढ्यांत चौसष्ट पट. तीन हजारांत एक जास्त जगणे म्हणजे कोणाच्या नजरेलाही न येणारा फरक. पण समुद्र भरून जायला तेवढा पुरतो. म्हणून या जिवाची खरी गोष्ट मोठ्या, चमकणाऱ्या अंगात नाही. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात आहे.

काळ्या समुद्राची कहाणी

हे नुसते कागदावरचे गणित नाही. ते एकदा खरे झाले आणि त्याचा फटका गरीब मच्छीमारांना बसला.

मालवाहू जहाज रिकामे असले की तोल राहावा म्हणून त्याच्या पोटात समुद्राचे पाणी भरतात आणि माल भरताना दुसऱ्या बंदरात ते सोडून देतात. त्या पाण्याबरोबर नेमिऑप्सिस अमेरिकेच्या किनाऱ्यावरून काळ्या समुद्रात आली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. तुर्कस्तान, बल्गेरिया, रुमानिया आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ या देशांच्या मधला हा समुद्र. तिथे पाहुणीसाठी ताट वाढूनच ठेवलेले होते. डॅन्यूबसारख्या नद्यांतून खतांचे पाणी येत होते, त्यामुळे सूक्ष्म जिवांची रेलचेल झाली होती. मोठ्या बोटींनी मासे उपसले होते, त्यामुळे कोपेपॉड खाणारी तोंडे कमी झाली होती. उन्हाळ्यात पाणी उबदार. आणि नेमिऑप्सिसला खाणारा तिथे कोणी नव्हता. पिल्लाला पहिल्या आठवड्यात जे जे लागते ते सर्व हजर आणि जे नको ते गैरहजर. १९८९ मध्ये तिचा उद्रेक झाला.

तुर्कस्तानच्या त्या किनाऱ्यावर हामसी नावाचा बारीक मासा म्हणजे गरिबाचे अन्न. आपली मांदेली ज्या कुळातली, त्याच कुळातला हा मासा. तिथे त्याचा भातही करतात, तळूनही खातात. फणीजेलीने हामसीच्या पिल्लांचे अन्न पळवले आणि वर त्याची अंडी आणि नवजात पिल्लेही गिळली. १९८८ मध्ये तुर्कस्तानच्या मच्छीमारांनी तीन लाख टनांच्या जवळपास हामसी पकडला होता. १९९० मध्ये तो आकडा एक लाख टनांच्याही खाली आला. सगळा दोष फणीजेलीचा असे म्हणणे बरोबर नाही. बोटींनी आधी केलेली बेसुमार मासेमारीही त्यात होती, आणि कोणाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तुर्कस्तानची पकड पुढे काही वर्षांत सावरली. पण ज्या घरात त्या दोन-तीन हंगामांत बोट किनाऱ्याला बांधून ठेवावी लागली, त्या घराला सरासरीचे आकडे काय समजावणार? हातावरचे पोट असलेल्या एका जिवाने हातावरचे पोट असलेल्या माणसांच्या तोंडचा घास काढला.

१९९७ मध्ये काळ्या समुद्रात बेरोई नावाची दुसरी फणीजेली दिसली. तिला दोऱ्या कधीच नसतात, अगदी लहानपणीही नाही. तिचे जेवण म्हणजे दुसऱ्या फणीजेली. ती आल्यावर नेमिऑप्सिसचा जोर ओसरला. तोवर नेमिऑप्सिस पुढे सरकली होती. १९९९ मध्ये ती कॅस्पियन समुद्रात सापडली. तिथे इराणच्या मच्छीमारांचा किल्का नावाचा तारलीसारखा लहान मासा होता, त्याचा धंदा त्यानंतर बसला. २००६ मध्ये ती बाल्टिक समुद्रात आणि युरोपच्या उत्तर किनाऱ्यावर दिसली.

आपला काय संबंध?

कोणी म्हणेल, तुर्कस्तान कुठे आणि आपण कुठे. पण जहाजे मुंबईलाही येतात. २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने जहाजांच्या तोल-पाण्याचा अभ्यास करण्यासाठी जगातली सहा बंदरे निवडली होती. त्यात काळ्या समुद्रावरचे ओडेसा होते आणि आपली मुंबईही होती. बंदराला समुद्रापलीकडचे काय येऊन चिकटेल, याची काळजी दोन्हीकडे सारखीच. या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. जहाजाने तोल-पाण्याची नोंदवही ठेवावी आणि त्यातल्या जिवांचा बंदोबस्त करूनच ते पाणी सोडावे, असा त्याचा आशय. म्हणजे तिथेही शेवटी एक वही आहे आणि ती इमानदारीने लिहिणारा एक कारकून हवाच.

या कराराला पंचवीस वर्षे उशीर झाला असे आम्हाला वाटते. फणीजेली कोणाची वैरी नाही. आपल्या मूळ घरी ती हजारो वर्षे राहते आहे, तिथे तिला खाणारे आहेत आणि अन्नाचे चढउतारही आहेत. तिला उचलून परक्या पाण्यात टाकणारी माणसेच होती. त्या पाण्यात खत सोडणारी आणि मासे उपसणारीही माणसेच होती. आणि भोगले त्यांनी, ज्यांचे ना जहाज होते ना कारखाना.

गेल्या रविवारी हे सगळे आम्ही अभ्यासवर्गात सांगितले. फळ्यावर गोल थेंब आणि दोन दोऱ्या काढल्या. जमाखर्चाची वही मांडली. मुलांनी १, २, ४, ८ करीत १०२४ पर्यंत मोजले. ती सातवीतली मुलगी शेवटी म्हणाली, "म्हणजे काका, तिला कोणी भरवत नाही. समुद्रात काय आहे त्यावर तिचे नशीब." एक लहान मुलगा पाठीमागून ओरडला, "नशीब नाही गं, खत!" सगळे हसले. पण पोराचे बरोबर होते. ज्याला आपण नशीब म्हणतो त्याची कारणे शोधली तर सापडतात, आणि सापडली तर पुष्कळदा ती माणसाने केलेली निघतात.

वाचकांनी हा लेख घरातल्या मुलांना वाचून दाखवावा. पट्टी घेऊन एक मिलिमीटर दाखवावा आणि त्यात सहा अंडी बसतात हे सांगावे. मुलांनी काही विचारले आणि उत्तर आले नाही, तर "येत नाही" म्हणायला लाजू नये. प्रश्न आम्हाला लिहून पाठवा. आम्हालाही येत नसेल तर पुन्हा ग्रंथालय आहेच.